कुवेतहून कॅन्सल

मी रोह्याच्या शाळेत तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी मुलांचं खरं बोलणं लाल पेनाने खोडण्यात घालवली. हे आता सत्तरीत कळून उपयोग काही नाही, पण कळलंय खरं.

आठवीतल्या एका मुलीने 'माझे वडील' या निबंधात लिहिलं होतं, 'माय फादर इज कॅन्सल. ही सिट्स ॲट होम.' मी त्या कॅन्सलभोवती गोल काढला आणि भर वर्गात तिला सुनावलं, "अगं, तिकीट कॅन्सल होतं, गाडी कॅन्सल होते. माणूस कॅन्सल होत नाही." वर्ग हसला. नदीपलीकडून, अष्टमीहून येणारी सात-आठ मुलं मात्र हसली नाहीत. त्यांना ते वाक्य कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त बाईंना.

अष्टमीच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. कोणी कुवेत, कोणी दुबई, कोणी सौदी. तिथली नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला आणि माणूस कायमचा गावी आला, की तो 'कॅन्सल होऊन आला'. मालकाची मर्जी गेली असेल, कंपनी बुडाली असेल, गुडघे गेले असतील, नाहीतर नुसतं वय झालं असेल. सगळ्याला शब्द एकच, आणि तो उच्चारला की पुढे कोणी काही विचारत नाही. आमच्या गल्लीत लग्न मोडलं तरी कॅन्सल, दुपारची एसटी आली नाही तरी कॅन्सल. पण पुलापलीकडे हा शब्द माणसाच्या नावाला चिकटतो आणि मग काही केल्या सुटत नाही. शब्दकोशात हा अर्थ मी शोधला होता. नाही सापडला.

मला ज्याची गोष्ट सांगायची आहे तो मुराद माझ्या अगदी पहिल्या वर्गातला. मी चोवीस वर्षांची, तो बाराचा. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटला, तिसऱ्यांदा बसलाच नाही. सत्ताविसाव्या वर्षी कुवेतला गेला आणि काचसामानाच्या एका गोदामात एकतीस वर्षं पॅकिंग करत राहिला. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचा आणि मला भेटायला दुधाच्या पावडरचा डबा आणायचा. "अरे, हीच पावडर रोह्याच्या बाजारात मिळते," असं मी दर वेळी म्हणायची. "ती इथली, बाई," असं तो दर वेळी म्हणायचा.

सुट्टीवर आलेल्या माणसाचा थाट बघण्यासारखा असतो. रोज कोणाकडे तरी जेवण, घरात चांगल्या बश्या बाहेर, मटणातला चांगला तुकडा त्याच्या ताटात. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण एका दमात दोन प्रश्न विचारतो, "कधी आलास? कधी जाणार?" यात दुष्टपणा काही नसतो. पण मला ते ऐकून नेहमी वाटायचं, की या माणसाला कोणी बूट काढू देत नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत मुराद आला तेव्हाही सगळ्यांनी हेच विचारलं आणि त्यानेही नेहमीसारखं "दोन महिन्यांनी" म्हणून सांगितलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो माझ्याकडे आला आणि खिशातून घडीचा कागद काढला.

"बाई, जरा वाचून सांगा."

वाचला. गोदाम बंद होत होतं. कंपनीने इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले होते आणि व्हिसा रद्द करण्याची कारवाई पूर्ण झाल्याचं कळवलं होतं. साधं इंग्रजी होतं. दोनदा नापास झालेल्यालाही कळेल असं.

"तुला कळलंय हे," मी म्हटलं.

"कळलंय. पण यात कुठं असं लिव्हलंय का, की परत बोलवू? वाकडं-तिकडं, आडून?"

मी तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. त्याच्यासाठी तेवढं करणं भाग होतं. "नाही रे," म्हटलं. त्याने कागदाची घडी होती तशी पुन्हा घातली.

"साबिरा काय म्हणाली?" मी त्याच्या बायकोचं विचारलं.

"तिला ठाऊक नाय. सुट्टी म्हणून आलोय."

मी भडकलेच. आम्हा मास्तरणींना ते चटकन जमतं. "नवरा आहेस ना तिचा? की पाहुणा?"

"पाहुणाच हाय, बाई," तो म्हणाला. "सगळ्या सुट्ट्या जोडल्या तरी एकतीस वर्षांत तीन वर्षं भरत नाय घरात. आणि सुट्टीवरच्या माणसाला मान असतो. कॅन्सलवाला सकाळी मशिदीच्या बाजूच्या बाकड्यावर बसतो, दुपारी जेवायला आत, मग परत बाकड्यावर. घरात बायकांची कामं चाललेली असतात, मधी मधी आलेला नको असतो."

मग त्याने डब्यांचं सांगितलं. बसून बसून कंटाळा आला म्हणून एका सकाळी त्याने साबिराच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले आणि गोदामातल्या शिस्तीने, मोठे खाली, लहान वर, चिठ्ठ्या चिकटवून लावले. साबिरा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर डबे जुन्या जागी.

"म्हंजे बघा," तो म्हणाला.

मुलगी सादिया लग्न होऊन मुरुडला गेलेली. घरात साबिरा, तिचं शिवणाचं मशीन आणि तिची तीस वर्षांची बसलेली घडी. त्यात आपल्याला जागा नाही, हे त्याने एका डब्यांच्या फळीवरून ठरवून टाकलं होतं. मी त्याला समजावलं, रागावले, शेवटी म्हटलं, "तू सांग, नाहीतर मी सांगते." तो इतका घाबरला की माझ्या पाया पडायला लागला. मी शब्द दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ आपल्याला धरायला लागली की हात दुखतो.

मार्च उजाडला. लोक आता नुसतं "कधी जाणार?" एवढंच विचारू लागले. मुराद सांगे, सुट्टी वाढवून घेतली. मला वाटतं, अजून आठ-पंधरा दिवस गेले असते तर त्याने साबिराला सांगितलंही असतं. पण मध्ये हफ्साचं पार्सल आलं.

हफ्सा ही शेजारची विधवा बाई, तिचा एकुलता मुलगा अर्शद कुवेतमध्ये वीजतंत्री. मोहल्ल्यातली रीत अशी, की जो जातो तो सगळ्यांची पार्सलं नेतो. सुकी कोलंबी, मसाला, लोणचं, डायबेटिसच्या गोळ्या, कापडात शिवून वर बॉलपेनने नाव. नाही म्हणायची पद्धतच नाही. एकदा पार्सल घेतलं म्हणजे तुमची जायची तारीख ठरली. हफ्साने अंगणातूनच हाक मारून पार्सल पुढे केलं आणि मुरादचा हात सवयीने पुढे झाला. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोवर हफ्सा पुढच्या दारात सांगत सुटली होती, मुरादभाई निघाले. दोन दिवसांत घरात अकरा पार्सलं.

मला येऊन म्हणाला, "दुसरीकडं जमलं, बाई. कुवेतलाच. परवा निघतो." मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी ठेवला.

आमच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं पेणजवळच्या जोह्याच्या निलेशच्या कारखान्यातून येतो. जुलैमध्ये पाट नेऊन द्यायचा आणि मूर्ती सांगून यायची. भाचा गाडीने नेतो म्हणाला होता, पण त्याचं आयत्या वेळी कॅन्सल झालं, म्हणून मी एकटीच पाट काखेत मारून रेल्वेने जित्याला उतरले आणि रिक्षाने जोहे गाठलं. भात लावणी संपत आली होती. कारखान्यात शिरले तर रंगाचा वास आणि ओळीने शे-दोनशे गणपती, अर्ध्यांना अजून डोळे नव्हते.

मागच्या बाजूला एक माणूस पाठमोरा बसून खोक्यात मूर्ती बसवत होता. सोंडेभोवती कागदाच्या गुंडाळ्या, हाताच्या खाली पेंढा, कानांमागे स्पंजचे कापलेले तुकडे. इतक्या हळुवार हातांनी, की मी बघतच राहिले. मग तो वळला.

"बाई," एवढंच म्हणाला आणि स्पंज हातातून खाली पडला.

निलेश कौतुकाने सांगत होता, "वळखता काय तुमी मुरादभायना? एप्रिलात आपले आपण आले. खोकी बघितली आन् बोलले, तुमच्या धातल्या दोन मूर्ती फुटत असतील. फुटायच्याच! आता नाय फुटत. ह्यांनी बांधलेली एक मूर्ती फुटून आली नाय आजवर."

मी त्याला बाहेर घेऊन गेले. बांधावर एक सिमेंटचा पाइप पडला होता त्यावर बसलो. विमानतळावर त्याने महाडकडची दोन पोरं गाठली, कुवेतला चाललेली. हातापाया पडून अकरा पार्सलं त्यांच्या गळ्यात मारली. मग परतीच्या एसटीत बसला. रोह्याला जाता येईना म्हणून पेणला उतरला. दोन दिवस स्टँडवर काढले आणि कोणी मूर्तींच्या पॅकिंगचं बोललं म्हणून इथे आला. राहायला कारखान्यामागची खोली. कंपनीने शेवटी जे हातावर ठेवलं होतं त्यातून आणि इथल्या मजुरीतून घरी पैसे जात होते. फोन व्हॉट्सॲपवरून, तोच जुना कुवेतचा नंबर.

"तिकडच्या टायमाने करतो," तो म्हणाला. "ड्युटी सुटायची तवा. तिला वाटायला पायजे."

"अरे मूर्खा, घर दीड तासावर आहे तुझं!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "कुवेतात येवढी आठवण नाय यायची, बाई. तिकडं मधी समुद्र होता. इथं रोज रोह्याची गाडी जाताना दिसते."

मला रडू आवरेना. मी रागाने म्हटलं, "एक शब्द सांगायचाय तिला. कॅन्सल. बस. तुमच्यात सगळ्यांना कळतो तो."

"कळतो म्हणून तर नाय बोलवत," मुराद म्हणाला.

मी पाट निलेशकडे दिला आणि परतले. गाडीत ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात, साबिराला सांगायचं. दुसऱ्याच दिवशी पूल ओलांडून तिच्याकडे गेले. ती मशीनवर बसली होती. मी सुरुवात कशी करावी याचा विचार करत इकडचं तिकडचं बोलत होते. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"पेणला गेलतात ना गणपती सांगायला?" तिने विचारलं. "तिकडंच कुठंतरी हायत ना हे?"

मी मान हलवली.

"बाई, सुट्टीवर येणारा माणूस बॅगेतून उशी घेऊन येत नाय," साबिरा म्हणाली. "जानेवारीत बॅग उघडली तवा वरच उशी. चहाची किटली. भिंतीवरचं घड्याळसुद्धा. पहिल्या दिवशीच कळलं मला, कॅन्सल होऊन आले. वाटलं, सांगतील आज, सांगतील उद्या."

"आणि पेण?"

"मे महिन्यात फोनवर बोलत होते. म्हणाले, इथं लई गरमी, एसीत बसलोय. आणि मागून कोण तरी वराडलं, 'लायट गेली रं!'" ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "एकतीस वर्षांत कुवेतची लाइट गेलेली मी ऐकली नाय. बोलणारा आपल्या पेणकडचा वाटला."

मग तिने विचारलं ते फक्त जेवणाचं. नीट जेवतात का, पाठ दुखते का, झोपायला खाट आहे का. मी डब्यांचं सांगितलं.

"अल्ला! त्याच्यावरून?" ती म्हणाली. "मला साखर सापडत नव्हती हो बाई. शिवणाच्या बायका बसल्या होत्या, चहा करायचा होता. म्हणून लावले परत. तवापासून कमी बोलायला लागले, मला कळेना काय झालं."

"मग ऊठ. माझ्याबरोबर चल. आज घेऊन येऊ त्याला."

"नाय." तिने मान हलवली. "मी गेले तर शरमेनं मरतील ते. माणूस सगळ्यासमोर लहान झाला तर उचलून घेता येतं. बायकोसमोर, पकडला जाऊन लहान झाला तर नाय उचलता येत. त्यांनी आपल्या तोंडानं एकदा बोलावं, साबिरा, कॅन्सल झालो. मी चहा ठेवीन. दुसरं काय करायचं असतं?"

आणि मग तिनेही माझ्याकडून शब्द घेतला, की तिला माहीत आहे हे त्याला कळता कामा नये. अशी मी दोघांच्या मध्ये बसले. त्याचं गुपित तिच्यापासून आणि तिचं त्याच्यापासून सांभाळत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा.

गणपती झाले, दिवाळी झाली. साबिराचा फोन रोज वाजत होता, कुवेतच्या वेळेनुसार. ती म्हणे, "इकडं थंडी पडायला लागली. तिकडं?" तो म्हणे, "इकडंही." हफ्सा विचारी, मुरादभाई अर्शदला भेटत का नाही. साबिराच सांगे, यांची कंपनी आता लांब वाळवंटात आहे, शहरात येणं होत नाही. नवऱ्याच्या थापेला ठिगळं लावायचं कामही तिनेच अंगावर घेतलं होतं.

यंदा जानेवारीत मुराद 'सुट्टीवर' आला. रंग जरा रापलेला, केस नीट कापलेले, नव्या बॅगा. मोहल्ला जमला, जेवणं झाली. मी मुद्दाम चार दिवसांनी गेले. साबिराने चहा आणला, तोही बसला, तिघंच होतो. साबिराने कप खाली ठेवला आणि मला दिसलं, की हिने मनाशी काहीतरी धरलंय.

"ऐकता का," ती त्याला म्हणाली, "आता नका जाऊ. बस झालं. सादियाचं झालं, घर झालं. मला एकटीला नाय करमत आताशा. इथंच राहा."

यापेक्षा जास्त दार कोणी कोणासाठी उघडू शकत नाही. देव, अल्ला, जो कोणी ऐकत असेल त्याला मनात म्हटलं, आता बोलू दे याला. मुरादने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मला अजून वाटतं, शब्द तिथवर आला होता.

"कंपनी सोडत नाय गो," तो म्हणाला.

"अर्ज करा."

"केला. मालक बोलतो, तुझ्याशिवाय गोदाम चालायचं नाय. नव्या पोरांना काच बांधता येत नाय." हे सांगताना त्याचा चेहरा जरा खुलला. निदान बांधण्याचं खरं होतं.

साबिरा थोडा वेळ कपाच्या दांडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बरोबर हाय. इतकी वर्षं खाल्लं त्यांचं. अडचणीत टाकू नये." आणि कप उचलून आत गेली. आत भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि भांडी तर तीनच होती.

मार्चच्या शेवटी तो निघाला. या खेपेला पार्सलं घेतली नाहीत, कंपनीचा नवा नियम म्हणून सांगितलं. मी स्टँडवर गेले होते. का गेले माहीत नाही. कदाचित शेवटच्या क्षणी तरी कोणी काही बोलेल, म्हणून. तो मुंबईच्या गाडीची वाट बघत उभा, दोन बॅगा पायाशी. ती शेजारी, बुरख्याची बाही सारखी करत. मुंबईची गाडी लागत नव्हती. पेणची लागली.

"हिच्यातच बसा," साबिरा म्हणाली. "मुंबईच्या गाडीला गर्दी असते. पुढं मिळेल काही ना काही."

मुरादने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, त्याला उमगलं. उमगलं असेलही. त्याने बॅगा उचलल्या, वर ठेवल्या, खिडकीजवळ बसला आणि हात केला. गाडी वळून पुलाकडे निघून गेली.

मला तिचा इतका संताप आला होता, की बोलले असते तर वाईट बोलले असते. तिच्या डोळ्यांतलं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षातही नव्हतं. तिने स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दीड तासात पोचतील," ती म्हणाली.